मंदारच्या फ्लॅटबद्दल, आणि खडकवासल्याबद्दल

प्रिय सुधाकर,

पत्र मिळालं. फोनवर बोलता आलं असतं, पण तू विचारलेलं दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. मंदारने सिंहगड रस्त्याला नदीकडेचा फ्लॅट पाहिलाय, वहिनींना बाल्कनीतली हवा आवडलीय, आणि तुझ्या पोटात मात्र गोळा आलाय. "तू जन्मभर धरणांवर नोकरी केलीस, खडकवासला सुरक्षित आहे की नाही एवढंच सांग," असं तू लिहिलंयस. हा गोळा कुठून येतो ते मला ठाऊक आहे. माझ्याही पोटात तोच आहे.

१२ जुलै १९६१. बुधवार होता. आपण दोघं आठ वर्षांचे. नारायण पेठेतल्या वाड्याच्या दारात कुणीतरी ओरडत आलं, "पानशेत फुटलं, पळा!" तुझ्या आजीने देवघरातला बाळकृष्ण तेवढा पदरात बांधला आणि आपल्या दोघांचे हात धरून पर्वतीची वाट धरली. मला त्या दिवसाच्या पाण्यापेक्षा नंतरचा चिखल जास्त आठवतो. वाड्याच्या भिंतीवर माझ्या वडिलांच्या डोक्याच्याही वर हातभर उमटलेली चिखलाची रेघ, आणि ओल्या धान्याचा तो कुजका वास. आणि अख्खं गाव पुरात बुडालं असताना नळाला मात्र थेंब नाही. कारण पानशेतच्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं होतं आणि पुण्याचं पिण्याचं पाणी तिथूनच येत होतं. तुझी आजी चिखलातून काढलेली कळशी घासून विहिरीवर रांगेत उभी राहायची, आपण मागे बादली धरून. मी इंजिनिअर झालो तो त्या रांगेमुळे, असं मला अजून वाटतं.

पुढे खात्यात आल्यावर पानशेत का फुटलं ते अभ्यासलं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच पाणी अडवलं. भरावाखालून पाणी सोडण्यासाठी जो बोगदा असतो, त्याच्या कमानीत सळई पडायला हवी होती. पोलादाची टंचाई होती, म्हणून बिनसळईच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची कमान केली. दरवाज्याचं कामही अपुरं. जुलैच्या पावसाने धरण भराभर भरलं, बोगद्यातून पाणी प्रचंड जोराने निघालं, कमान हादरली आणि तिच्यावरचा भराव खचू लागला. म्हणजे ते अचानक फुटलं नाही रे. आदल्या दिवसापासून माथा खचत होता. लष्कराच्या जवानांनी रात्रभर त्या खचत्या माथ्यावर वाळूची पोती रचली, म्हणून धरण मध्यरात्रीऐवजी सकाळी फुटलं. तू आणि मी आज पत्रं लिहितोय ते त्या पोत्यांमुळे. पाणी रात्री आलं असतं तर आजीने कुणाचा हात धरला असता?

धरण आधी खुणा करतं. त्या वाचायला माणूस तिथे हवा. माझं पहिलं पोस्टिंग एका लहान मातीच्या धरणावर होतं. तिथला म्हातारा चौकीदार रोज सकाळी पायथ्याशी जायचा. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, ते एका चरातून येऊन व्ही आकाराच्या खाचेवरून पडतं. त्या खाचेवर पाण्याची उंची पट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची, एवढं त्याचं काम. पण तो आणखी एक करायचा, जे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काचेच्या बाटलीत ते पाणी भरायचा आणि उन्हाकडे धरून बघायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब, निवळशंख असंल तर धरण घाम गाळतंय. गढूळ आलं तर धरण आतून चाललंय." चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. पाझराबरोबर माती यायला लागली की भरावाच्या पोटात पोकळी वाढत जाते, आणि वरून हिरवंगार दिसणारं धरण काही तासांत जातं. भरावावर झाडं वाढू द्यायची नाहीत, घुशींची बिळं दिसली की लगेच बुजवायची, पिचिंगचा, म्हणजे उतारावर रचलेला दगड सरकला की त्याच हंगामात बसवायचा. यात कुठेही मोठी विद्या नाही, रोज जाऊन बघणं आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून खालच्या वाडीतली माणसं वाहून गेली, तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या धरणाच्या गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते. बाटलीतलं पाणी त्यांनी बघितलं होतं.

आता तुझा प्रश्न. खडकवासला मातीचं नाही, दगडी आहे. मूळ बांधकाम १८७९ च्या सुमारास पुरं झालं. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा बसवले ते याच धरणावर. ६१ नंतर ते पुन्हा बांधून काढलं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी बंधनकारक केली आहे, आणि दुर्लक्ष करून चालत नाही हे खडकवासल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या टेमघर धरणाने दाखवलंय. तिथली गळती २०१६ मध्ये एवढी वाढली की भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग, म्हणजे फटींत पातळ सिमेंट दाबून भरणं, वर्षानुवर्षं करावं लागलं. तेव्हा खडकवासल्याची भिंत जाईल या भीतीने मंदारला अडवू नकोस. त्या भिंतीची मला रात्री काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती भिंतीच्या वरच्या आणि खालच्या अंगाची.

वरच्या अंगाला काय चाललंय ते रविवारी ये, दाखवतो. डोंगर उकरून प्लॉट पाडलेत, ती माती पहिल्या पावसात थेट जलाशयात. काठावर हॉटेलं आणि फार्महाउस, त्यांचं सांडपाणी कुठे जातं ते ओढ्याला विचार. मागच्या महिन्यात मी काठावर उभा होतो. एक जण गाडीची चारही दारं उघडून साबणाने गाडी धूत होता, त्याचा लहान मुलगा त्याच फेसात पाय बुडवून बसलेला. संध्याकाळी घरी जाऊन तो मुलगा नळाचं पाणी पिणार, ते इथलंच. मी जाऊन बोललो. त्याने निमूट बादली उचलली, वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि खालचं अंग, म्हणजे मंदारचा फ्लॅट. नीट वाच. खडकवासल्याच्या वर तीन धरणं आहेत: वरसगाव जवळपास १३ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), पानशेत साडेदहाच्या थोडं वर, टेमघर पावणेचार. या तिघांचं पाणी ज्यात उतरतं ते खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. शिवाय वरच्या धरणांच्या खाली जो पाऊस पडतो तो अडवायला मध्ये काहीच नाही, तो सरळ खडकवासल्यात. दोन दिवस घाटात धो धो पडला की हे भांडं काठोकाठ, आणि मग दरवाजे उघडण्यावाचून इलाज नसतो. २५ जुलै २०२४ ची पहाट आठव. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, आता गुणून बघ. दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत माणसं जागी झाली ती घरात शिरलेल्या पाण्याने. त्या दिवशी धरणाला काडीचाही धोका नव्हता, सुधाकर. धरण अगदी ठणठणीत होतं आणि माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून आई-बापांना खांद्यावर काढत होती.

म्हणून "धरण सुरक्षित आहे का" एवढं विचारून भागत नाही. ती इमारत नदीच्या कुठल्या रेषेत आहे ते विचार. नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत तर घर असताच कामा नये. निळी आणि लालच्या मध्ये असेल तर जोतं किती उंच आहे आणि पार्किंग कुठल्या पातळीला आहे ते बघायचं. बिल्डरचा माणूस "इथे कधी पाणी आलं नाही" म्हणेल. त्याला २०२४ चं विचार, आणि शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनलाही विचार. तो खरं सांगेल. तळमजल्याच्या भिंतीवर हात फिरव. नवा रंग कितीही असू दे, पाण्याची रेघ उन्हात तिरकं बघितलं की दिसते. आपण दोघांनी ती एकदा पाहिलीय, आपली नजर चुकायची नाही.

मंदारला सांग, रागावू नकोस म्हणावं. त्याला ६१ माहीत नाही आणि ते माहीत नसणं हा त्याचा दोष नाही. टोकन देण्याआधी मला इमारतीचा सर्व्हे नंबर आणि मंजूर नकाशाची प्रत पाठव. पूररेषेच्या नकाशावर मी स्वतः ठेवून बघतो. शनिवारी सकाळी सात वाजता मी तुमच्या दाराशी येतो, तिघं मिळून पायी नदीच्या काठाने त्या इमारतीपर्यंत जाऊ. वहिनींना चहा आल्यावरच टाकायला सांग.

तुझा,
वसंता