सोनू, आधी तुझे पाय धुवू दे

सोनू बाळा,

काल रात्री तू फोन ठेवलास त्यानंतर मला झोप नाही आली. मम्मीला एवढंच सांगितलं की सोनू दमलीय, बाकी काही बोललो नाही. फोनवर मला पटकन सुचत नाही, तू रडायला लागलीस की माझाच गळा भरून येतो, म्हणून हे टाईप करतोय. सावकाश वाच, ड्युटीवर नको वाचू.

तू म्हणालीस, "पप्पा, मी या सेवेच्या लायकीची नाही, मी सोडते." तुझ्या वॉर्डातल्या त्या आजारी बाई वारल्या आणि तू तेव्हा जेवायला गेली होतीस, दहा मिनिटं. तीन आठवडे तू त्यांचं सगळं केलंस, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदललीस, ओठ कोरडे पडले की ओल्या कापसाने पुसलेस, आणि नेमकी ती दहा मिनिटं तू नव्हतीस आणि आता तुला तेवढीच दिसतायत. अजून एक गोष्ट तू मध्येच बोलून गेलीस, तुझ्या लक्षातही नसेल, की बाजूच्या बेडवरच्या काकूंनी पेरू कापून तुझ्यापुढे धरला आणि तू नको म्हणून निघून गेलीस, कारण "मी काय केलंय म्हणून त्यांचं खाऊ?" मी रात्रभर त्या पेरूवरच अडकलोय गं.

मी कुष्ठरोगाच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमांना पट्टी करणारा, होतो हे तुला माहितीय, पण मी तिथे नक्की काय करायचो ते कधी नीट सांगितलं नाही. १९८६ मध्ये लागलो तेव्हा एमडीटीच्या गोळ्या, म्हणजे कुष्ठरोगावरची दोन-तीन औषधं एकत्र, आपल्या भागात नुकत्याच येत होत्या. त्या गोळ्यांनी जंतू मरतात, आजार पसरायचा थांबतो, पण मेलेली नस परत येत नाही, पायाची गेलेली संवेदना गेलीच. आणि जखमा होतात त्या त्यामुळे. मांस आपोआप सडतं असं लोकांना पूर्वी वाटायचं, वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की दुखत नाही म्हणून माणूस खिळ्यावर पाय ठेवून चालत राहतो, फोड आला तरी त्याच फोडावर चालत राहतो. म्हणजे दुखणं हे देवाचं देणं आहे, ते नसलं की पाय जातो. काल तुला जे एवढं दुखलं ना, त्याची मला भीती नाही वाटत. तुला काहीच वाटलं नसतं तर मी घाबरलो असतो.

तर माझं काम म्हणजे पाय. सकाळी आठपासून रांग, प्रत्येकाचे पाय साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे, कडक झालेली कातडी घासून काढायची, तेल लावायचं, जखम साफ करून पट्टी, आणि परत परत तेच सांगायचं की अनवाणी चालू नका, एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची, चप्पल घाला, रोज रात्री तळवा आरशात बघा. तेव्हा मी बावीस वर्षांचा, मला वाटायचं मी प्रभूसाठी फार मोठं काहीतरी करतोय.

एक आजी यायची, कापूस वेचायला जाणारी. तळव्याला जखम. पहिल्या वेळी सात आठवड्यांत भरली, चप्पल देऊन पाठवली. चार महिन्यांनी परत, तीच जागा. परत भरली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा चप्पल पायात नव्हती, म्हणाली ती चप्पल घातली की गावात लोकांना कळतं म्हणून नातीच्या लग्नात काढून ठेवली ती राहिलीच. आणि मी त्या दिवशी सगळ्या रांगेसमोर तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ती मान खाली घालून बसली, पाय पाण्यात तसाच. तिला मी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं होतं, ती आली नाही. आली ती दोन महिन्यांनी, बैलगाडीतून, हाडापर्यंत गेलं होतं सगळं, पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण मला माहिती होतं ती का आली नाही. मी कामावर जायचो, हात चालायचे, पण रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसायचो आणि प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर यायचो. आठ महिने मी भाकर आणि प्याला घेतला नाही. मम्मीला तेव्हा सांगायचो की पोट बरं नाही. मी स्वतःशी ठरवलं होतं की आधी सुधारतो, मग घेतो. रोज दोन तास जास्त काम करायचो, सुट्टी घेत नव्हतो, आणि जितकं जास्त करायचो तितकं कमीच वाटायचं. तुझंही आता तेच चाललंय असं मला दिसतंय, चार नाईट सलग केल्यास ना?

मग पवित्र गुरुवार आला, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा. दरवर्षी आमच्याकडे पाळकसाहेब आणि स्टाफ पेशंटचे पाय धुवायचे. त्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, यंदा पेशंट स्टाफचे धुतील. मला कसंतरीच झालं, मी दाराजवळ उभा होतो की निघता येईल. तेवढ्यात आजी. कुबड्या बाजूला ठेवून ती जमिनीवर बसली, समोर घमेलं, आणि मला हाक मारली. मी म्हटलं आजी तुम्ही नको, मी नाही धुवून घेणार तुमच्याकडून. ती म्हणाली, "चूप बस बापू. इतके वर्सं माये पाय धुतले तू, आता मले धुऊ दे."

आणि मग तिने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिच्या पंजांना गरम-थंड कळत नव्हतं, बोटं आखडलेली. तिने पाण्यात कोपर घातलं. आम्हीच शिकवलेलं ते, भांडं उचलायच्या आधी, अंघोळीच्या आधी कोपराने बघायचं, तिथे जाणीव शिल्लक असते. मी तिला शिकवलेलं होतं ते. माझ्या पायाला चटका बसू नये म्हणून तिने कोपर घालून पाणी बघितलं, जरा थांबली, थोडं गार पाणी घालायला लावलं, परत बघितलं, आणि मग माझा पाय हातात घेतला. ज्या माणसामुळे तिचा पाय गेला त्याच्या पायाला पोळू नये याची काळजी. मी तिथेच हुंदके देऊन रडलो सगळ्यांसमोर. मी माफी मागितली, ती नुसतं हं हं म्हणत पुसत होती, अंगठ्याच्या बेचकीतसुद्धा, जसं मी तिला पुसायला सांगायचो तसंच.

त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला, मी प्रभुभोजन घेतलं. सुधारलो म्हणून नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र तेच म्हणतो बघ, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आपल्याला लहानपणापासून वाटतं तो नम्र होता. मला आता तसं वाटत नाही, मला वाटतं त्याला घ्यायची लाज वाटत होती. आणि प्रभू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटाच नाही. एकमेकांचे पाय धुवा हे तो नंतर सांगतो, सोनू, नंतर. आधी बसून धुवून घ्यायचं. आणि त्या रात्री, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले, हे आपण वाचताना पटकन पुढे जातो.

आणि एलीया. इतका मोठा संदेष्टा, झुडपाखाली पडून म्हणतो पुरे झालं, मला मरू दे. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, तू कुठे कमी पडलास ते सांगत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, ऊठ खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो, तरी कोणी रागावत नाही, परत उठवून परत खायला देतो. पौलाला प्रभूने 'माझी कृपा तुला पुरे आहे' म्हटलं तेव्हाही त्याच्या शरीरातला दुखण्याचा काटा काढला नव्हता, तीनदा विनवणी करूनही. काटा तसाच ठेवून म्हटलंय.

तू जेवायला गेलीस ते पाप नाही बाळा. त्या बाईंच्या त्या दहा मिनिटांत तू नव्हतीस, पण प्रभू होता ना तिथे, हे तू रोज पेशंटला सांगतेस आणि स्वतःसाठी मात्र धरत नाहीस. माझं प्रकरण वेगळं, मी खरंच चुकलो होतो, तू चुकलेली नाहीस. पण चुकली असतीस तरी ज्या दारातून मी आत आलो ते तुलाही उघडंच असतं.

नोकरी सोडायची की नाही ते तू ठरव, सोडलीस तरी मी आणि मम्मी तुझ्या बाजूने आहोत, लोक काय म्हणतील ते मी बघतो. फक्त या आठवड्यात ठरवू नकोस. सिस्टरना सांगून दोन दिवस सुट्टी घे आणि झोप. शनिवारी सकाळच्या एसटीने मी येतोय, मम्मी पुरणपोळ्या देतेय, तूप वेगळ्या डब्यात.

आणि त्या काकू अजून असतील बाजूच्या बेडवर, तर उद्या त्यांच्याकडे जा, पेरू आहे का विचार, आणि त्यांच्या समोर बसून खा.

तुझा,
पप्पा