तडकलेली रिमोट गाडी: गोंदाआधी प्लास्टिक ओळखा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या खेळण्यांच्या डागडुजीवर आलेल्या मजकुरात, रिमोट कंट्रोल गाडीची चासी (खालचा सांगाडा) तडकली तर सुपरग्लू लावून मोकळे व्हा, असा सल्ला आहे. कुणी तामिया या जपानी कंपनीच्या १९८४ सालच्या ग्रासहॉपर किंवा हॉर्नेट या गाड्यांवर तो प्रयोग करण्याआधी पुढील मजकूर छापावा, ही विनंती.

सुपरग्लू पहिल्या दिवशी घट्ट धरतो, हे खरे. पण वाळल्यावर तो ठिसूळ होतो आणि चासी तर दर उडीला वाकत असते. सांधा पुन्हा सुटतो, आणि आता कडांवर गोंदाचा थर चढलेला असल्यामुळे दुसरे कोणतेही द्रावक (प्लास्टिक विरघळवणारे द्रव्य) आत शिरत नाही. तो थर खरवडताना कडा झिजतात, मग भेग कधीच नीट मिटत नाही. पहिली दुरुस्ती चुकली की दुसरी दुप्पट अवघड होते ती अशी.

या गाड्यांत एकाच जातीचे प्लास्टिक नसते. ग्रासहॉपर आणि हॉर्नेटची टबसारखी चासी एबीएस या टणक प्लास्टिकची आहे, हॉर्नेटची आतून रंगवलेली पातळ, पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकची. सस्पेन्शनचे लहान भाग बऱ्याच गाड्यांत नायलॉन किंवा अॅसिटाल या गुळगुळीत, कठीण प्लास्टिकचे असतात. शंका असेल तर सुट्या भागाचे स्क्रू, बुश काढून तो १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ या प्रमाणातल्या द्रावणात सोडावा आणि अंगाला चिकटलेले बुडबुडे पुसावेत. एबीएस, स्टायरिन व साधे नायलॉन तरंगते. अॅसिटाल आणि काचतंतू घातलेले नायलॉन बुडते. साध्या पाण्यातही तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचा. मग मिठाच्या पाण्यात तरंगलेल्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने अॅसिटोनचा ठिपका लावावा. चिकट झाला तर एबीएस किंवा स्टायरिन, काहीच झाले नाही तर नायलॉन. पारदर्शक बॉडीवर ही चाचणी करूच नये. पॉलिकार्बोनेट लगेच पांढुरके पडते आणि त्यात बारीक रेषा उठतात.

एबीएसचे काम सर्वांत समाधानाचे, कारण तिथे गोंद लागतच नाही. द्रावक दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. भांडी घासायच्या साबणाने धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. भेगेच्या अगदी टोकाशी १ ते दीड मिलिमीटरचे भोक पाडावे. हे बहुतेक जण टाळतात आणि नंतर पस्तावतात: ताण त्या अणकुचीदार टोकावर एकवटतो, म्हणून भोक नसेल तर भेग दुरुस्तीच्या पुढे सरकत जाते. कडा सहज जुळत नसतील तर बळाने दाबून चिकटवू नये. ताणात असलेल्या एबीएसला द्रावक लागले की शेजारी नवी भेग पडते. आधी भाग ६० ते ७० अंशांच्या पाण्यात धरून आकारात आणावा, मग वाळवून बारीक ब्रशने एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक) भेगेच्या तोंडाशी टेकवावे. ते आपोआप आत ओढले जाते. क्लॅम्प लावून २४ तास हात लावू नये. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास ज्योत नको.

खड्डा भरायला त्याच किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या काड्या तासून काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवाव्यात. एक भाग तासलेले प्लास्टिक, दोन ते तीन भाग द्रावक. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात पाणी आणि तेल असते. हा लगदा पातळ थरांत लावावा. एकदम जाड थापला तर वरची साय धरते, द्रावक आत अडकते, खालचे प्लास्टिक मऊ पडते आणि काही दिवसांनी भाग खचतो.

खरी ताकद मागच्या पट्टीत असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर जाईल अशी, १ ते दीड मिलिमीटर जाडीची एबीएस पट्टी आतून एमईकेने बसवावी. गिअरबॉक्स चासीला जोडला जातो तिथे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पट्टीऐवजी फायबरग्लासच्या कापडाचे दोन थर इपॉक्सीत (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदात) बसवलेले बरे.

स्क्रू बसतो तो खांब चिरला असेल तर दोष बहुधा जोराने आवळण्याचा असतो. चीर द्रावकाने मिटवून खांबाभोवती नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळून इपॉक्सी चोपडावे. आटे गेले असतील तर भोक मोठे करून त्यात एबीएसची काडी ठोकावी, २४ तासांनी ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी अडीचचे भोक पाडावे. पुन्हा बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवावा, टिक करून जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा. आणि धातूच्या नटबोल्टांसाठीचे लाल-निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे द्रव) प्लास्टिकजवळ आणू नये. एबीएस व पॉलिकार्बोनेटला त्याने भेगा पडतात.

पारदर्शक बॉडीला आतून शू-गू किंवा तशाच लवचीक रबरी गोंदात पीओपीवाल्यांकडे मिळणारी फायबर जाळीची टेप बसवावी. नायलॉनचे भाग वर्षानुवर्षे कोरड्या जागी राहून ठिसूळ होतात. न तुटलेले भाग अर्धा तास मंद उकळत्या पाण्यात ठेवले तर ओलावा शोषून पुन्हा चिवट होतात. एबीएस मात्र कधीही उकळू नये. अॅसिटालला कोणताच गोंद विश्वासाने धरत नाही, तिथे पितळी पिन किंवा पट्टी नटबोल्टने जोडणे एवढाच मार्ग.

हॉर्नेट २००४ साली आणि ग्रासहॉपर २००५ साली पुन्हा बाजारात आली. त्यामुळे नवे सुटे भाग मिळतात; गाडी पळवायची असेल तर सस्पेन्शनचा तुटलेला हात सांधू नये, नवा घालावा. भरधाव गाडीत तो सुटला तर चासीही जाते. जुना मूळ भाग मात्र फेकू नये. तो वरील रीतीने सांधून, नोंद करून, गाडीसोबतच ठेवावा.

आपला,
एक वाचक, पुणे