रूळ जोडले, तिकिटं कधी जोडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या वेगवान गाड्यांवरचा लेख वाचला. लंडनहून पॅरिस सव्वादोन तासांत, विमानतळाची कटकट नाही, हे सगळं खरं. तरी लेख वाचून कुणी घाईने बुकिंग करण्याआधी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

मी मध्य रेल्वेत विजेच्या इंजिनांवर नोकरी केली. डीसी आणि एसी या विजेच्या दोन प्रकारांची भानगड आम्हाला इगतपुरीने शिकवली. तेव्हा मुंबईकडे 1500 व्होल्ट डीसी, पलीकडे 25 हजार व्होल्ट एसी. गाडी तिथे थांबायची, इंजिन बदलायचं आणि प्रवासी तेवढ्यात वडा खाऊन घ्यायचे. त्यामुळे पॅरिसहून कोलोनला मुलीकडे जाताना माझं लक्ष शेतांपेक्षा वरच्या तारेकडेच जास्त. फ्रान्सच्या वेगवान मार्गावर 25 हजार व्होल्ट, बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर 3000 डीसी, जर्मनीत 15 हजार, तेही निराळ्या फ्रिक्वेन्सीचं. शिवाय सिग्नलची पद्धत ज्याची त्याची वेगळी. असे तीन देश ओलांडून गाडी साधारण साडेतीन तासांत कोलोनच्या कॅथीड्रलशेजारी उभी, इंजिन बदलण्याचा प्रश्नच नाही. मी मनातल्या मनात सलाम ठोकला. सौ. झोपल्या होत्या.

हे एका रात्रीत झालेलं नाही. 1994 मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून गाड्या सुरू झाल्या, तेव्हा इंग्लंडच्या बाजूला त्या लोकल गाड्यांच्या मार्गावरून, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट घेत रखडत जायच्या. पॅरिसला तीन तास लागत. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनापर्यंतचा नवा मार्ग 2007 मध्ये पूर्ण झाला तेव्हा कुठे ते सव्वादोन तास.

पण एवढी वीज जुळवणाऱ्यांना तिकीट मात्र जुळवता आलेलं नाही. त्याच प्रवासात पुढे आमची एक गाडी पाऊण तास उशिरा पोहोचली आणि जोडगाडी निघून गेली. दोन तिकिटं दोन कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली. पहिली म्हणते आमची जबाबदारी आमच्या स्टेशनापर्यंत. दुसरी म्हणते तुम्ही वेळेवर आला नाहीत. खिडकीवरची मुलगी फार गोड बोलली आणि दोन नवी तिकिटं पूर्ण दराने फाडली. आपल्याकडे रेल्वेला आपण ऊठसूट शिव्या घालतो, पण नागपूरहून मडगावचं तिकीट काढताना किती झोन ओलांडणार याचा विचार कुणी करतो का?

युरोपीय संघाच्या नियमानुसार गाडीला तासभर उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तास झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते (काही अपवाद आहेत). सगळा प्रवास एकाच जोडतिकिटावर असेल तर शेवटच्या स्टेशनाला झालेला उशीर धरतात. सुटी तिकिटं असली की प्रत्येक गाडीचा हिशोब वेगळा, चुकलेली जोडगाडी आपल्या नशिबी. म्हणून शक्य तिथे जोडतिकीटच काढा, नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवा, मग मुलं कितीही हसोत.

लेखात राहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे व्हिसा. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात ब्रिटन नाही, त्यामुळे आपल्या पासपोर्टवर दोन्ही व्हिसे हवेत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनच्या स्टेशनातच, गाडीत चढण्याआधी होते, तेव्हा कागद अपुरे असतील तर पॅरिस दिसायच्या आधीच परतावं लागेल. त्यातून सामान तपासणी, पासपोर्टची रांग. सव्वादोन तासांत हा वेळ धरलेला नाही. तास-दीड तास आधी पोहोचावं लागतं. सुटत्या लोकलचा दांडा पकडायची आपली सवय तिथे कामाची नाही, गाडी फलाटावर उभी असतानाच प्रवेशाचं फाटक बंद होतं.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण