सेंटर कोर्टाच्या कडेवरून: मित्रास पत्र

पणजी,
8 जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

लंडनचे विम्बल्डन टेनिस मैदान पाहून परतल्यावर तुला फोन केला, तेव्हा आपले शाळेमागचे मातीचे कोर्ट सांभाळणाऱ्या तुझा पहिलाच प्रश्न होता, "तिथली माती कसली रे?" मी उत्तर देणार तोच तुमच्या पेडण्याकडची रेंज गेली आणि बोलणे तिथेच तुटले. एका अर्थी ते बरेच झाले, कारण फोनवर मी तुला चषक आणि खुर्च्या सांगितल्या असत्या आणि तुझा प्रश्न तसाच राहून गेला असता. आज सकाळपासून पावसाने धार धरली आहे, मांडवीपलीकडचे बेतीसुद्धा दिसत नाही, तेव्हा निवांतपणे सगळे लिहायला बसलो आहे.

विम्बल्डन मैदानाच्या मार्गदर्शित फेरीचे तिकीट पुतणीने आधीच काढून ठेवले होते. साउथफील्ड्स स्टेशनवर उतरून साधारण पाव तास चालत गेलो. रस्ता साध्या घरांचा, कुंपणांना फुलझाडे, आणि त्यातूनच अचानक ती गडद हिरवी भिंत आणि तिच्यावर चढलेले वेल दिसू लागतात. हिरवा आणि जांभळा हे या क्लबाचे रंग 1909 पासूनचे आहेत. फाटकातून आत गेल्यावर मला सर्वांत आधी जाणवली ती तिथली शांतता. दूरदर्शनवर आपण पाहिले ते माणसांनी फुललेले विम्बल्डन. मी पाहिले ते मे महिन्यातले, माळ्यांच्या ताब्यातले.

आमच्या गटात पंधरा-वीस माणसे होती. वाट दाखवणाऱ्या बाई वयस्कर आणि फार आस्थेने बोलणाऱ्या होत्या. क्लब 1868 साली निघाला तो क्रोके (लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायचा खेळ) खेळण्यासाठी, टेनिस नंतर आले, आणि पहिली स्पर्धा 1877 साली वर्पल रोडवरच्या जुन्या जागेत झाली, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी तिथल्या तिथे तुझे नाव घेतले असते. ती पहिली स्पर्धा भरवली गेली ती क्लबाचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते म्हणून! तट्टू जुंपून ओढायचा मोठा रोलर नादुरुस्त झाला होता. अंतिम सामन्याला प्रत्येकी एक शिलिंग देऊन सुमारे दोनशे माणसे आली आणि स्पेन्सर गोर जिंकला. आपल्या दगडी रोलरचा आस मोडला होता ते वर्ष तुला आठवत असेलच. वर्गणीची वही काखोटीला मारून आपण दोघे वाड्यावाड्यांतून हिंडलो, आणि शेवटी लोहाराने अर्धे पैसे उधारीवर सोडले. सामने भरवावेत हे आपल्याला सुचले नाही. पण रोलर बंद पडला की सगळा खेळच बंद पडतो, ही गोष्ट त्यांना आणि आपल्याला सारखीच कळली होती.

आता सेंटर कोर्टाविषयी, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टाविषयी लिहितो. चर्च रोडवरच्या या जागेत क्लब 1922 साली आला, तेव्हापासूनचे हे कोर्ट. एका अंधाऱ्या जिन्यातून आम्हाला वर नेले आणि एकदम समोर ते उघडले. जवळजवळ पंधरा हजार रिकाम्या खुर्च्या, आणि मध्यभागी एवढेसे हिरवे चौकोनी शेत. दत्ता, ते इतके लहान वाटते! कोर्टाची मापे जगभर तीच असतात हे मला ठाऊक आहे, तरी डोळ्यांना ते आपल्या शाळेमागच्या कोर्टापेक्षाही लहान दिसले. जाळे लावलेले नव्हते, रेषाही आखलेल्या नव्हत्या. गवताला हात लावायची परवानगी नाही. पहिल्या रांगेपाशी उभे राहून पाहायचे, एवढेच. मी कठड्यावरून जमेल तितका वाकलो आणि पाते न पाते पाहू लागलो. बाईंनी मला दोनदा मागे यायला सांगितले.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. माती चिकण अंशाची, भारी आहे. ती ओली असताना दाबतात आणि मग हळूहळू वाळू देतात, म्हणजे ती विटेसारखी घट्ट बसते. चेंडू उसळतो तो या घट्ट मातीवरून, गवतावरून नव्हे. गवताचे काम माती धरून ठेवण्याचे आणि पायांना आधार देण्याचे. हे ऐकताना मला तू पहाटे घमेल्यातून पाणी शिंपडत, जांभ्याची चाळलेली माती हाताने पसरत असतानाचा दिसलास. पाणी जास्त झाले तर रोलरला चिखल चिकटतो आणि कमी झाले तर धूळ उडते, म्हणून मुठीत माती दाबून पाहायची तुझी सवय. तिथे ओलावा आणि कडकपणा मोजायला यंत्रे आहेत, पण ती यंत्रे जे पाहतात तेच तुझी मूठ पाहते.

गवत 2001 पासून पूर्णपणे रायग्रास जातीचे आहे. त्याआधी त्यात तीस टक्के दुसऱ्या जातीचे गवत मिसळलेले असे. एडी सीवर्ड हे त्या वेळचे मुख्य मैदानरक्षक, त्यांनी हा बदल केला, कारण रायग्रास पायांखाली जास्त टिकते. त्यामुळे जमीन अधिक टणक राहू लागली. स्पर्धेत गवताची उंची बरोबर 8 मिलिमीटर ठेवतात आणि रोज कापतात. पूर्वी खेळाडू सर्व्हिस करून जाळ्याकडे धावत, म्हणून जाळ्याकडे जाणारी वाट झिजून तपकिरी होई. आता सगळे मागच्या रेषेवरून खेळतात, म्हणून तिथे माती उघडी पडते आणि जाळ्यापाशी शेवटच्या दिवसापर्यंत हिरवेगार राहते. खेळ कसा बदलला हे जमिनीवरून वाचता येते, हे मला फार आवडले. रेषांसाठी चुना वापरत नाहीत, टिटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा रंग लावतात.

हे कोर्ट वर्षातले ते दोन आठवडे सोडले तर एरवी जवळजवळ कोणी वापरतच नाही. 2012 च्या ऑलिम्पिकसारखा प्रसंग विरळाच. स्पर्धा संपली की वरचा थर खरवडून काढतात आणि नवे बी पेरतात. ते बी कबुतरे खातात, म्हणून रूफस नावाचा हॅरिस जातीचा ससाणा पाळला आहे, तो पहाटे मैदानावरून घिरट्या घालतो. रात्री कोल्हे येतात, त्यांच्या मुताने गवत जळते, म्हणून कोर्टाभोवती विजेची तार लावतात. तुझ्याकडे गुरे शिरतात आणि रानडुकरे कोपरा उकरतात, त्यांच्याकडे कोल्हे! पूर्वी स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी क्लबाच्या चार महिला सभासद तिथे खेळून पाहत, म्हणजे जमीन पायांना सरावे. पहिला चेंडू मारण्याचा मान त्यांचा असे.

पावसाची गोष्ट तुला सांगायलाच हवी. त्यांची स्पर्धा जूनच्या अखेरीस सुरू होते, म्हणजे नेमकी आपण कोर्टावर माडाची चुडते अंथरून, वर दगड ठेवून, खेळ गुंडाळून बसतो तेव्हा. तिथला पाऊस आपल्या पावसापुढे शिडकावाच, पण गवताला तेवढाही चालत नाही. 2009 साली सेंटर कोर्टावर सरकते छत आले. सुमारे 1,000 टनांचे ते छत दहा मिनिटांच्या आत मिटते. कापड अर्धपारदर्शक आहे, म्हणजे उजेड आत येतो. पण छत मिटल्यावर लगेच खेळ सुरू होत नाही: बंद जागेत माणसांच्या श्वासांनी हवा दमट होते, गवताला घाम फुटल्यासारखे होते आणि खेळाडू घसरतात, म्हणून आधी मोठ्या यंत्रांनी हवा कोरडी करतात.

छताच्या कडेकडे बोट दाखवून बाईंनी 1940 च्या ऑक्टोबरमध्ये पडलेल्या बॉम्बची हकिकत सांगितली. सेंटर कोर्टाच्या 1,200 जागा उद्ध्वस्त झाल्या. युद्धाच्या काळात त्या आवारात डुकरे आणि कोंबड्या पाळल्या गेल्या. 1946 साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हाही मोडलेला भाग पुरता दुरुस्त झालेला नव्हता. तरी लोक आले आणि खेळले, याचे मला भरून आले.

पत्रकारांच्या मुलाखतीच्या खोलीत प्रत्येकाला खेळाडूच्या खुर्चीवर बसू देतात. मीही बसलो, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही. 18 नंबरच्या कोर्टापाशी मात्र बराच वेळ उभा राहिलो. 2010 साली जॉन इस्नर आणि निकोला माहू या दोन खेळाडूंचा एकच सामना तिथे तीन दिवस चालला, एकूण 11 तास 5 मिनिटे, आणि शेवटचा सेट 70-68 असा संपला. भिंतीवर त्याची पाटी आहे. त्या जागेवर मला वाटले ते हे, की त्या तीन दिवसांत त्या कोर्टाच्या माळ्यांना झोप आली असेल का? मागच्या रेषेवरच्या त्या दोन हातभर जागेत ते दोघे किती वेळा पाय रोवून उभे राहिले असतील!

संग्रहालयात पुरुषांचा एकेरीचा चषक जवळून पाहिला. 1887 पासून तोच चषक दिला जातो. त्याच्या टोकावर अननस आहे. काचेला नाक लावून पाहिले, प्रत्येक डोळा वेगळा कोरलेला आहे आणि वर पानांचा तुरा. अननस हा शब्दही पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि फळही त्यांनीच आणले. त्या चषकापुढे उभे राहून मला तुमच्या परसातल्या अननसाच्या वाफ्याची आठवण झाली, हे दुसऱ्या कोणाला सांगितले नाही, तुला सांगतो.

लिअँडर पेसचे नाव मी मनात घेतलेच. 1990 साली त्याने तिथे मुलांचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याचे वडील वेस पेस मूळचे आपल्या गोव्याचे म्हणून आपण कसे छाती काढून फिरलो होतो! पुढे 1999 साली भूपतीबरोबर दुहेरी आणि लिसा रेमंडबरोबर मिश्र दुहेरी, दोन्ही त्याने त्याच गवतावर जिंकल्या.

तुझ्यासाठी मूठभर बी आणायचा विचार मनात आला होता, पण रायग्रास थंड हवेचे, आपल्या एप्रिलमध्ये ते जळून जाईल. म्हणून काही आणले नाही. दसऱ्यानंतर तू चुडते काढशील तेव्हा मी दोन दिवस राहायला येतो. रोलरचा लाकडी दांडा गेल्या वर्षीच एका बाजूने कुजत आला होता; या पावसात तो टिकेल असे वाटत नाही. त्याची लांबी आणि जाडी दोरीने मोजून कळव, म्हणजे इथल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा नवा करून बरोबर घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रघू