मुलीच्या खर्चाची वाटणी करून देणाऱ्या वकीलकाकांस

आदरणीय वकीलकाका,
सादर नमस्कार.

परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा अडले होते ते केवळ मुलीच्या खर्चावर. तिचे बाबा निम्मे-निम्मे म्हणत होते, तर माझ्या माहेरच्यांच्या मते सर्व भार त्यांनीच उचलायला हवा होता. लोकमान्यनगरातील आपल्या घरी आपण आम्हा दोघांना समोरासमोर बसविले आणि आधी उत्पन्न कागदावर मांडायला लावले. त्यांचा पगार 60,000, माझा 40,000. शाळेची वार्षिक फी 80,000. ती निम्मी वाटली असती तर माझा अख्ख्या महिन्याचा पगार गेला असता, त्यांचा दोन-तृतीयांश. उत्पन्नाच्या प्रमाणात वाटल्यावर त्यांच्याकडे 48,000 आणि माझ्याकडे 32,000 आले, म्हणजे दोघांवरही सारखाच भार पडला. अपत्याच्या पोषणाची जबाबदारी 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आई व वडील दोघांवर टाकतो आणि दोघेही पुरेसे कमावते असतील तर मुलांचा खर्च प्रमाणात वाटता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात म्हटले आहे, हेही आपण शांतपणे समजावून दिलेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. दूध, भाजी, रिक्षा, विजेचे बिल, अचानक लागणारे चित्रकलेचे सामान यांच्या पावत्या कोणी ठेवत नाही आणि मूल ज्याच्या घरी राहते त्याच्याच खिशातून हे पैसे जातात. म्हणून अशा खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम माझ्या खात्यात यावी आणि फी, शिकवणी, दवाखाना यांचा खर्च तेवढा पावतीनुसार वाटावा, असे आपण सुचविलेत. आजारपण वगळता कोणताही मोठा खर्च आधी एकमेकांना विचारून करायचा आणि पैशाचा निरोप मुलीच्या तोंडी कधीही पाठवायचा नाही, ही दोन कलमेही आपल्याच आग्रहाने करारात आली.

हिंदू विवाह कायद्याच्या 26 व्या कलमानुसार मुलांविषयीचे आदेश पुढे बदलून घेता येतात. तरीही न्यायालयात जावे लागू नये म्हणून शाळेचे वर्ष सुरू होताना, एप्रिलमध्ये, प्रमाण तपासण्याची अट आपण लिहून घेतलीत. यंदा माझा पगार वाढल्याने माझा वाटा वाढला आणि ते आम्ही फोनवरच ठरविले. आपण आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाहीत. आम्हा दोघांच्याही वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक आई, इंदूर