नारंगीघर म्हणजे काचघर नव्हे

संपादक महोदय,

युरोपातल्या जुन्या नारंगीघरांना, म्हणजे संत्र्याची झाडे हिवाळ्यात ठेवायच्या इमारतींना, सरसकट ‘काचघर’ म्हटले जाते, ते चूक आहे. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचे नारंगीघर (बांधकाम १६८४-८६) पाहा. मधले दालन १५५ मीटर लांब, छत दगडी कमानींचे, भिंती जाडजूड, मोठ्या खिडक्या दक्षिणेला. हिवाळ्यात संत्र्याची वाढ थांबलेली असते. उजेड कमी चालतो, गोठवणारी थंडी चालत नाही. शेगडीने हवा कोरडी होऊन पाने गळतात, पाणी जास्त झाले की मुळे कुजतात.

झाडांच्या लाकडी पेट्या तर मुद्दाम बघाव्यात! लोखंडी पट्टी सोडवली की बाजूची फळी उघडते. मुळे छाटून नवी माती भरता येते. मेमध्ये पेट्या बाहेर, ऑक्टोबरात आत. काचेची छपरे इंग्लंडमध्ये आवाक्यात आली ती १८४५ साली काचेवरचा कर उठल्यावर.

– एक वाचक, पुणे