नांगर धरून ठेवणाऱ्यांचे आभार

अपोलो बंदरासमोर वादळाच्या रात्री आमच्या शिडाच्या बोटीवर थांबलेले दोन खलाशी आणि स्वतःचा दोर काढून देणारे कोळीदादा, तुमचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

ओहोटीच्या 5 मीटर पाण्यात भरतीचे 4.5 आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची 1 मीटर मिळवून तुम्ही सातपट, म्हणजे जवळजवळ 74 मीटर साखळी सोडायला लावलीत. साखळी अपुरी असली की ती ताठ होऊन नांगर उचलते आणि तो गाळातून घसरतो. झटके खायला साखळीला नायलॉनचा दोर जोडलात. खरी मेख मात्र पुढेच: दोर बोटीच्या काठावर घासतो तिथे जुन्या फायर होजचा हातभर तुकडा चढवलात. सकाळी त्याचं कापड सोलून निघालं होतं, आतला दोर शाबूत.

दादा, दोर गोड्या पाण्यात धुऊन वाळवून ठेवलाय. न्यायला नक्की या.